मोकळ्या वाटेचे वाङ्मय

मराठी प्रवासवर्णनाविषयी एक जुनी तक्रार आहे आणि ती अजून पुरती निवारलेली नाही. आपला प्रवासी स्थळाकडून स्थळाकडे जातो. वाट त्याच्या लेखनात येतच नाही. देऊळ, किल्ला, संग्रहालय यांचे वर्णन तो मनापासून करतो. परंतु दोन मुक्कामांमधला सारा प्रदेश 'पुढे निघालो' एवढ्या दोन शब्दांत आटोपतो. परप्रांती नोकरी करणाऱ्या आमच्या वाचकांस या दोन शब्दांची ओळख नव्याने करून द्यावयास नको. फिरतीवरचा अधिकारीही डाकबंगल्याकडून डाकबंगल्याकडे जात असतो. मधल्या साठ-सत्तर किलोमीटरांची नोंद प्रवासभत्त्याच्या बिलात होते, मनात होत नाही.

या मधल्या वाटेलाच ज्याने आपला विषय केले, असा वाङ्मयाचा एक लहानसा प्रवाह युरोपात आहे. तो सायकलीवरून हिंडणाऱ्यांचा. शर्यतीचे वाङ्मय निराळे आणि हे निराळे. डोंगरपायथ्याच्या प्रदेशात, वाहनांची वर्दळ नसलेल्या वाटेने, पोहोचण्याची घाई न करता केलेला प्रवास हा त्याचा गाभा होय. या लेखनाने काय साधले आणि त्याचे कोठे फसते, हे पाहण्याजोगे आहे.

या प्रवाहाच्या उगमाशी पॉल द विवी हा फ्रेंच गृहस्थ उभा आहे. 1853 साली जन्मलेला हा मनुष्य सेंत एत्येन या कोळशाच्या, बंदुकांच्या आणि रेशमी फितींच्या गावात व्यापार करी. 1887 साली त्याने सायकलीला वाहिलेले एक नियतकालिक सुरू केले. तेच पुढे 'ल सिक्लिस्त' या नावाने प्रसिद्धीस आले. त्यात तो 'वेलोसियो' या नावाने लिही. गावाच्या दक्षिणेस पिला डोंगराचा चढ लागतो आणि 1,161 मीटर उंचीच्या खिंडीतून वाट पलीकडे ऱ्होन नदीच्या खोऱ्याकडे उतरते. हा चढ त्याची प्रयोगशाळा होती. रात्रभर सायकल चालवून पहाट डोंगरात गाठावी आणि ईस्टरच्या सुट्टीत दक्षिणेस प्रोव्हान्सात उतरावे, असा त्याचा परिपाठ होता. तो शाकाहारी होता, एस्पेरांतो भाषेचा पुरस्कर्ता होता, आणि चढासाठी एक व सपाटीसाठी दुसरा असे अनेक गिअर सायकलीला असलेच पाहिजेत, या मताचा कट्टर प्रचारक होता. शर्यतवाल्यांनी त्याची थट्टा केली. अनेक गिअर म्हणजे म्हाताऱ्यांची सोय, असे त्यांचे म्हणणे. 'तूर द फ्रान्स'मध्ये गिअर बदलण्याच्या यंत्रणेला मुभा मिळाली ती 1937 साली, म्हणजे वेलोसियोच्या मृत्यूनंतर सात वर्षांनी.

लेखक म्हणून वेलोसियो निर्दोष नाही. गिअरचे हिशेब, चढाचे मीटर, घटका-पळांचा ताळेबंद यांनी त्याची पाने भरून जातात; डोंगर नुकता दिसू लागावा तोच दात्यांची संख्या आडवी येते. तो उपदेशही फार करतो. पण त्याच्या उपदेशातच त्याच्या शैलीचे मर्म सापडते. सायकलीने हिंडणाऱ्यासाठी त्याने सात नियम सांगितले. थांबे थोडे नि थोडक्यात घ्यावे, भूक लागण्यापूर्वी खावे, तहान लागण्यापूर्वी प्यावे, थकव्याने अन्नावरची वासना उडेल इतके दमू नये, असे ते साधे शरीरधर्माचे नियम आहेत. शेवटचा नियम मात्र निराळ्या जातीचा आहे. केवळ मिरवण्यासाठी पायडल मारू नये, असे तो बजावतो. आमच्या मते हा प्रवासलेखनाचाही पहिला नियम ठरावा. जो लेखक आपण किती चढलो हे दाखवण्यासाठी लिहितो, त्याच्या लेखनात डोंगर दिसत नाही. त्याचे पोटरीचे स्नायू तेवढे दिसतात.

वेलोसियोच्या वाटा मोकळ्या होत्या, त्या कोणी मोकळ्या केल्या म्हणून नव्हे; मोटारी अजून थोड्या होत्या म्हणून. 1930 साली सेंत एत्येनच्याच रस्त्यात ट्रामच्या धक्क्याने त्याचा अंत झाला. ज्याने आयुष्यभर डोंगरातील निवांत वाट धरली, त्याला गावातल्या वाहनाने गाठावे, यावर अधिक भाष्य करण्याची गरज नाही.

आज मोकळी वाट आपोआप मिळत नाही. ती बांधावी लागते, आणि बहुधा आगगाडीच्या सोडलेल्या मार्गावर बांधली जाते. फ्रान्सच्या शेजारी स्पेनने 1993 पासून 'व्हिया व्हेर्दे', म्हणजे हिरव्या वाटा, हा उपक्रम चालवला असून अशा वाटांची लांबी 3,000 किलोमीटरांहून अधिक झाली आहे. आगगाडीला तीव्र चढ चालत नसल्याने या वाटांचा चढही मंद असतो. डोंगराळ मुलखात साध्या माणसालाही सायकल नेता येते. त्यांपैकी दक्षिणेकडील आंदालुसिया प्रांतातली 'व्हिया व्हेर्दे दे ला सिएर्रा' आमच्या विषयाला विशेष उपयोगी आहे. पुएर्तो सेर्रानो ते ओल्व्हेरा ही सुमारे 36 किलोमीटरांची वाट काडीझच्या डोंगरांच्या पायथ्याने जाते. तिच्यावर 30 बोगदे आणि 4 मोठे पूल आहेत. वाटेत साफ्रामागोनच्या कड्यावर गिधाडांची मोठी वसाहत आहे.

आता या वाटेवरची माहितीपत्रके वाचावीत. बोगदे किती, पूल किती, स्थानकांच्या इमारतींत राहण्याची सोय कशी, गिधाडे कोठून दिसतात, हे सारे त्यांत चोख असते. ते माहितीपत्रकाचे कामच आहे, त्याला दोष देता येत नाही. दोष आहे तो त्याच चालीवर लिहिणाऱ्या प्रवासलेखकाचा. 'शांतता', 'निसर्ग', 'विसावा' हे तीन शब्द त्याला पुरतात. परंतु ही शांतता आली कोठून? हेरेस ते आल्मार्गेन असा लोहमार्ग टाकण्याचे काम 1920 च्या दशकात सुरू झाले. डोंगर पोखरले, पूल उभारले, स्थानके बांधली; आणि मग आर्थिक मंदी व 1936 चे यादवी युद्ध यांत काम बंद पडले. या बोगद्यांतून आगगाडी कधी गेलीच नाही. म्हणजे सायकलस्वाराला लाभणारी निवांत वाट ही कोणाच्या तरी अपुऱ्या राहिलेल्या श्रमाची वाट आहे. ज्या खेड्यांनी गाडीची वाट पाहिली, त्यांच्या वाट्याला ती आली नाही. आमच्या वाट्याला मात्र सावलीचा बोगदा आला. हे ज्याला दिसले, त्याच्या लेखनात शांतता या शब्दाला वजन येते. ज्याला दिसले नाही, त्याने लिहिलेली शांतता विकत घेतलेल्या तिकिटासारखी असते.

येथे एक आक्षेप संभवतो. वाट मोकळी असली म्हणजे माणसेही भेटत नाहीत. मग लिहावे कशाविषयी? आक्षेपात तथ्य आहे, आणि त्याचे उत्तर डर्व्हला मर्फी या आयरिश लेखिकेच्या पुस्तकांत मिळते. दहाव्या वाढदिवसाला तिला एक सायकल आणि एक नकाशांचे पुस्तक भेट मिळाले, आणि सायकलीने हिंदुस्थानात जायचे तिने तेव्हाच ठरवले. घरी आजारी आईची शुश्रूषा होती. ती संपल्यावर 1963 च्या जानेवारीत ती निघाली आणि त्याच वर्षी दिल्लीस पोहोचली. वेलोसियोने ज्या गिअरांसाठी आयुष्य वेचले, ते तिने निघण्यापूर्वी काढून टाकले. आशियातल्या रस्त्यांवर ते टिकणार नाहीत, असा तिचा हिशेब होता. 'फुल टिल्ट' (1965) हे तिचे पुस्तक मित्रमंडळींना धाडलेल्या रोजनिशीवर आधारलेले आहे. म्हणून त्यात घाईची ठिगळे आहेत, कित्येक मते उतावळी आहेत. तरीही ते जिवंत वाटते, कारण वाटेत भेटलेला माणूस तिला स्थळाइतकाच महत्त्वाचा वाटतो. आणि प्रवास संपल्यावर ती परत फिरली नाही. धौलाधारच्या पायथ्याशी, धर्मशाळेस, तिबेटी निर्वासित मुलांच्या छावणीत तिने काम केले. 'तिबेटन फुटहोल्ड' (1966) हे पुस्तक त्यातून आले. वाङ्मयगुणांनी ते पहिल्यापेक्षा उणे असेल. पण पहिल्या पुस्तकाची खरी कसोटी आम्हांस तेच वाटते. वाटेवर ज्यांच्याकडे आपण पाहिले, त्यांच्यासाठी थांबण्याची आपली तयारी आहे काय, हा प्रश्न तिने स्वतःला विचारला होता.

मराठीत ही दृष्टी नाही असे नाही. नर्मदेच्या काठाने पायी हिंडलेल्या गो. नी. दांडेकरांनी 'कुणा एकाची भ्रमणगाथा' (1957) मध्ये वाटेलाच नायिकापद दिले. परंतु ती यात्रेकरूची, सर्वसंगपरित्यागाची वाट आहे. नोकरी, बिऱ्हाड, मुलांच्या शाळा सांभाळून रविवारी पहाटे बाहेर पडणाऱ्या गृहस्थाची वाट मराठीत अजून लिहिली गेलेली नाही.

ती लिहिण्यास आमच्या वाचकांइतके सोयीच्या जागी कोण आहे? हिमालयाच्या आणि शिवालिकच्या पायथ्याशी मराठी अधिकारी नोकरीनिमित्त राहत आले आहेत. हरिद्वारहून निघालेला, 1854 साली सुरू झालेला गंगेचा कालवा रुडकीजवळ सोलानी नदीच्या डोक्यावरून जलसेतूने जातो. अशा कालव्याच्या कडेने, जेथे आणि जेव्हा वाहनांची वर्दळ नसेल तेथे, सायकलीने वीस किलोमीटर जावे. तो बांध कोणी खणला, पाणी कोणाच्या शेताला मिळते आणि कोणाच्या शेजारून नुसतेच वाहून जाते, हे उतरून विचारावे. किती किलोमीटर झाले ते लिहू नये. बाकीचे लिहून आमच्याकडे पाठवावे. पाने आम्ही राखून ठेवू.