कोरवंजी आणि ‘चंद्रलोकची सफर’

ज्यूल व्हर्नच्या चंद्रप्रवासाची कथा ‘चंद्रलोकची सफर’ या नावाने १९०० पासून ‘केरळकोकिळ’ मासिकात क्रमशः येऊ लागली, आणि मराठी विज्ञानकथेचा आरंभ बहुधा तेथूनच मोजण्यात येतो. हे मासिक १८८६ साली कोचीन येथे जन्मले, ही गोष्ट मात्र ओझरत्या उल्लेखावर भागवली जाते. दक्षिणेत राहणाऱ्या मराठी वाचकास ती तशी सोडवत नाही. कारण तिच्याही मागे तंजावर आहे.

सरफोजीराजांनी (राज्यकाल १७९८ ते १८३२) ‘देवेंद्र कोरवंजी’ हे मराठी नाटक रचिले. कुरवंजी हा मूळचा तमिळ नाट्यप्रकार. त्यात भविष्य सांगणारी एक भटकी स्त्री येते, विरहिणी नायिकेचा हात पाहते आणि आपण तुडविलेल्या डोंगरदऱ्यांचे वर्णन करते. राजांनी तिच्या तोंडी सारी पृथ्वीच घातली: खंडे, समुद्र, देश, इतकेच नव्हे तर सूर्याभोवती फिरणारे ग्रह! याला विज्ञानकथा म्हणणे धाडसाचे होईल; कित्येक ठिकाणी ती निव्वळ नामावळी वाटते. तथापि एक मर्म राजांना गवसले होते. ही बाई हिंडलेली आहे. म्हणून भूगोल सांगण्याचा तिला अधिकार आहे.

विज्ञानकथेत हा अधिकारच पुष्कळदा हरवतो. कोणी प्राध्यापकमहाशय खुर्ची सरसावून बसतात आणि कथानक दाराबाहेर ताटकळते. व्हर्नचीही आकडेमोड थोडीथोडकी नाही. परंतु त्याचे तोफखान्याचे वेडे यादवी युद्ध संपल्याने रिकामे झालेले आहेत. तोफ डागावयास त्यांना काहीतरी हवेच असते. मग चंद्र का नको? त्यांचे गणित ही त्यांची भूक आहे.

चित्रपटाकडे पाहिले तर हेच दिसते. १९०२ मध्ये मेलिएसने चंद्राच्या डोळ्यात यान रुतविले. आपल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये वाटाण्याच्या रोपाची वाढ पडद्यावर आणली. पुढे ‘लंकादहना’त (१९१७) त्यांनी हनुमान उडविला. कॅमेऱ्याची किमया त्याच जातीची. आपला प्रेक्षक पुराणांत रुतला होता, असा आरोप यावरून होतो. मला तो अन्यायाचा वाटतो. हनुमंताचे उड्डाण कोणास समजावून द्यावे लागत नव्हते. चंद्रावर निघालेला मराठी माणूस कोण, कशासाठी निघाला, हे मात्र अद्याप कोणी रंगविलेच नव्हते.

सरस्वती महालाने ‘देवेंद्र कोरवंजी’ छापली आहे. ‘केरळकोकिळा’च्या जुन्या फायली चाळावयास बसणाऱ्या अभ्यासकाने त्याच टेबलावर तीही ठेवावी.