मनूचा कायदा, आपलं घर

पुणे विद्यापीठातल्या शर्मिला रेगे २०१३ साली गेल्या. त्याच साली आलेल्या पुस्तकात त्यांनी बाबासाहेबांना स्त्रीप्रश्नाचे विचारवंत म्हणून वाचलं. १९१६ चा निबंध सांगतो : सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह यांच्याच जोरावर जातीबाहेरचं लग्न रोखलं गेलं. म्हंजे बाईच्या लग्नाचा कायदा हाच जातीचा कायदा. हिंदू कोड बिल अडवलं ते उगाच नाही. १९५१ ला बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडलं.

२००६ च्या पुस्तकात रेगेबाईंनी बेबी कांबळे, शांताबाई कांबळे यांची आत्मकथनं वाचली, ती कीव म्हणून नाही, ज्ञान म्हणून. माझी तक्रार एकच : आपल्या मायांनी मराठीत लिहिलेल्यावरचा विचार इंग्रजीत राहिला.

पण असोद्यात आपण बैठकीला बसतो, तेव्हा चहा कोण करतं? पुढच्या बैठकीत ते पान मायनं वाचावं. चहा आपण करू.