सभ्य नवरा

जब्बार पटेलांच्या ‘उंबरठा’मध्ये (१९८२) मला छळतो तो सुलभाचा नवरा. वकील, सुशिक्षित, आवाज न चढवणारा! गिरीश कर्नाडांनी तो इतका सभ्य केलाय, की चिडावं कुठे तेच कळेना. खलनायक असता तर आम्ही नवरेमंडळी निर्धास्त घोरलो असतो. सुलभा महिलाश्रमाच्या नोकरीसाठी परगावी जाते. परतते तेव्हा तिची जागा भरलेली.

तक्रार एकच. आमच्या भाईंदरच्या बायका उंबरठा रोज दोनदा ओलांडतात, परतीच्या लोकलमध्ये मेथी निवडतात. त्यांचा नवरा पडद्यावर कधी यायचा?

शेवटी स्मिता पाटील एकटीच गाडीतून निघते. मी गहिवरलो. आमची ही म्हणाली, “बसायला जागा मिळाली हो तिला!”