कुरुझूच्या चढणीवरील गाणीं

काव्य जीवनासाठीं कीं केवळ काव्यासाठीं, हा वाद फडके-खांडेकरांच्या काळापासून आपल्याकडे इतका घोटला गेला आहे कीं, त्याचें नांव काढतांच सुज्ञ वाचक पान उलटतो. तरीही आज आम्ही त्याकडे पुन्हां वळत आहों. कारण ब्राझील देशांतील एका वस्तीच्या गाण्यांनीं आमच्या मनांतील जुनें उत्तर डळमळीत केलें आहे.

ब्राझीलमध्यें गुलामगिरी १८८८ सालीं कायद्यानें संपली. पुढें 'आमच्याकडे वर्णभेद नाहींच' हें त्या देशाचें आवडतें आत्मवर्णन होऊन बसलें. परंतु बाहिया प्रांताची राजधानी साल्वादोर, जेथील बहुसंख्य लोक आफ्रिकी वंशाचे, तेथेंच कार्निव्हलच्या प्रतिष्ठित मंडळांत काळ्या माणसाला सभासद म्हणून सहसा जागा नसे. १९७४ सालीं लिबेरदाद वस्तींतील कुरुझू या चढणीवरच्या तरुणांनीं 'इले आये' नांवाचें स्वतःचें मंडळ काढलें. नांव योरुबा भाषेंतील. कांदोंब्ले पंथाच्या पुजारीण माता इल्दा यांच्या देवस्थानाच्या आश्रयानें तें वाढलें. त्यांचे पुत्र, 'व्होव्हो' या नांवानें प्रसिद्ध असलेले अंतोनियो कार्लुस, हे संस्थापकांपैकीं एक. १९७५ च्या कार्निव्हलमध्यें शंभरेक माणसें रस्त्यावर उतरलीं. देशांत तेव्हां लष्करी राजवट होती. शहरांतील एका वृत्तपत्रानें या मंडळालाच वर्णद्वेष्टें ठरविलें!

मंडळाचें पहिलें प्रसिद्ध गाणें पावलिन्यो कामाफेउ यांचें. त्याची रचना अगदीं साधी आहे. हें मंडळ तरी कोणतें, असा प्रश्न बघ्याच्या तोंडीं घालावयाचा आणि उत्तर मिरवणुकीनेंच द्यावयाचें, एवढीच त्याची युक्ति. काळ्या माणसाला हिणविण्यासाठीं वापरलेले शब्द कवि हंसत हंसत स्वतःच अंगावर घेतो, आणि त्यांतील विष तेथेंच उतरतें. रडगाणें नाहीं, उपदेशही नाहीं. १९७७ सालीं जिल्बेर्तो जिल या थोर गायकानें तें आपल्या 'रेफावेला' या ध्वनिमुद्रिकेंत गायिलें आणि गल्लींतलें गाणें देशाचें झालें.

पुढें दर वर्षीं एक विषय ठरूं लागला: कधीं अंगोला, कधीं झिंबाब्वे, तर कधीं पळून गेलेल्या गुलामांनीं सतराव्या शतकांत राखलेलें पाल्मारेस. विषयाचा अभ्यास करून टिपण तयार करावयाचें, तें गीतकारांना वांटावयाचें, आणि त्यावरून रचलेल्या गाण्यांची चढाओढ लावावयाची, अशी ही रीत. येथें टीकाकारानें स्पष्ट बोललें पाहिजे. टिपणावरून रचलेलें गाणें पुष्कळदां टिपणासारखेंच होतें. राजे, नद्या, जमाती यांचीं नांवें एकामागून एक येतात आणि भावना मागें राहते. पण ज्या मुलाच्या क्रमिक पुस्तकांत पूर्वजांची ओळख 'गुलाम' या एकाच शब्दांत संपत होती, त्याला ही नामावळी कशी ऐकूं येत असेल? आपले वारकरी नाम घेतात तेव्हां त्यांत काव्य किती, असें आपण विचारीत नाहीं. टाळांच्या नादांत, शेंकडों कंठांतून त्या नांवाचें काय होतें तें आपण जाणतों. कुरुझूचीं गाणीं नुसतीं कागदावर वाचणाराची गफलत होते ती येथेंच.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मंडळांत प्रवेश कृष्णवर्णीयांनाच, हा नियम आरंभापासूनचा. भेदाविरुद्ध लढणारानेंच भेद करावा काय? हा प्रश्न आपल्या कानांना ओळखीचा वाटेल. १९५८ सालीं मुंबईस पहिलें दलित साहित्य संमेलन भरलें, तेव्हांपासून 'वेगळी चूल कशाला?' असें सुशिक्षित घरांतून विचारलें जात आलें आहे. आम्हींही तें विचारलेलें आहे. आज आम्हांस वाटतें कीं, त्या प्रश्नांत घरांत बसलेल्याचा आत्मविश्वास आहे. ज्याला ओसरीवरूनच परतविलें, त्यानें कोणाची चूल मोडली? असा नियम सर्वकाळ असावा, असें आम्ही म्हणणार नाहीं. परंतु त्यास दोष देणाऱ्या पत्रानें आधीं प्रतिष्ठित मंडळांच्या बंद दारांविषयीं लिहावयास हवें होतें.

या गाण्यांचें फळ मिरवणुकीबाहेरही दिसतें. १९८८ सालीं माता इल्दा यांनीं आपल्या देवस्थानांतच वस्तींतील मुलांसाठीं शाळा काढली. आफ्रिकेचा व आफ्रिकी वंशाच्या ब्राझीली लोकांचा इतिहास देशभरच्या शाळांत सक्तीचा झाला तो २००३ च्या कायद्यानें. कुरुझूनें तो धडा पाव शतकाहून अधिक काळ आधींपासून गात गात शिकविला होता. महात्मा फुले यांनीं १८७३ सालीं 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेंत काळ्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांस अर्पण केला. ती अर्पणपत्रिका मुक्त करणाऱ्यांस होती. गुलामगिरींतून सुटलेल्यांच्या नातवंडां-पणतवंडांनीं स्वतः काय रचलें, तें ऐकण्याचें काम आपण मराठी वाचकांनीं फारसें केलेलें नाहीं.

हेतु चांगला म्हणून गाणें चांगलें, असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. कामाफेउ यांचें गाणें टिकलें आहे. टिपणावरचीं कित्येक विसरलीं जातील, आणि त्याचें दुःख मानण्याचें कारण नाहीं. परंतु गाणें कोणाच्या कंठासाठीं रचलें होतें, हें विचारल्यावांचून त्याचा निकाल देऊं नये, एवढें आम्ही या वस्तीकडून शिकलों. जन्मभर इंग्रजी काव्य शिकवूनही वर्गांत हें आम्ही फार उशिरां सांगूं लागलों.