हरवलेल्या बायकोची रोजनिशी

गिलियन फ्लिन यांच्या ‘गॉन गर्ल’ (२०१२) या कादंबरीची चर्चा बहुधा तिच्या मधल्या कलाटणीपाशी थांबते. मला त्या कलाटणीआधीच्या वाचनाविषयी लिहायचे आहे. त्यासाठी रहस्य फोडावे लागेल.

मिसुरीतल्या एका गावी, लग्नाच्या पाचव्या वाढदिवशी एमी डन घरातून नाहीशी होते. पुढे दोन निवेदने आलटूनपालटून येतात. नवरा निक त्या दिवसापासूनची हकिकत सांगतो. एमीची रोजनिशी २००५ पासून सुरू होते. तीत आधी प्रेम, मग दोघांच्या गेलेल्या नोकऱ्या, न्यूयॉर्क सोडून नवऱ्याच्या गावी येणे आणि शेवटी त्याचीच भीती. दुसऱ्या भागाच्या आरंभी कळते की एमी जिवंत आहे. रोजनिशी पोलिसांना सापडावी म्हणूनच तिने रचली आहे.

मी त्या रोजनिशीवर विश्वास का ठेवला? आपण पोलिसांशी खोटे बोललो, हे निक स्वतःच वाचकाला सांगतो. एमी खरे बोलते, असे मात्र कोणीच सांगितलेले नसते. तो विश्वास मी बरोबर घेऊन आले होते. ‘स्मृतिचित्रे’सारखी आत्मकथने वाचत वाढलेल्या मला, बाई स्वतःविषयी साधेपणाने लिहिते तेव्हा ती खरेच लिहिते, असे वाटत आले आहे. शिवाय या कथाप्रकाराची परंपराही एमीच्या बाजूची. द्यु मोरिए यांच्या ‘रेबेका’त (१९३८) मृत पत्नीला आवाजच नाही. तिची अखेरची रात्र आपल्याला कळते ती तिला मारणाऱ्या नवऱ्याच्या तोंडून, आणि आपण ती मान्य करतो. फ्लिन हरवलेल्या बायकोच्या हाती लेखणी देतात, तेव्हा जुना अन्याय दूर होतो आहे असे वाटते. सापळा नेमका तिथेच आहे.

घरातले खरे गुपितही लेखनाचेच आहे. एमीच्या आईवडिलांनी तिच्या नावाची बालपुस्तकमाला लिहिली. मुलगी जिथे कमी पडली, तिथे पुस्तकातली एमी यशस्वी झाली. दुसऱ्याने लिहिलेली ही मुलगी मोठेपणी मासिकांसाठी प्रश्नमंजूषा रचू लागली. वाचकाला कोणते उत्तर आवडते, हे तिला चांगले ठाऊक आहे.

ही कादंबरी स्त्रीद्वेष्टी असल्याचा आक्षेप मी उडवून लावणार नाही. बलात्काराचा खोटा आरोप तीत एकाहून अधिक वेळा येतो, आणि खऱ्या तक्रारदार बाईकडे संशयाने पाहणाऱ्यांना तो सोयीचा आहे. पण याच कादंबरीतून दुसरेही दिसते. दूरचित्रवाणी विश्वास ठेवते तो सुंदर, सुशिक्षित, नेटके लिहिणाऱ्या बाईवर. जिच्या सांगण्यात विसंगती आहे, जिला भाषा साधत नाही, तिचे काय होईल? हा प्रश्न फ्लिन विचारत नाहीत. वाचकाला तो टाळता येत नाही.

शेवटी निक आपली बाजू लिहून काढतो. एमी गरोदर असल्याचे कळल्यावर तो मजकूर स्वतःच संगणकावरून पुसून टाकतो. अखेरचे प्रकरण एमीचे आहे. कलाटणीपेक्षा हे पुसणे मला अधिक भयंकर वाटते: त्या घरात आता एकच हकिकत उरते, आणि ती खोटी आहे हे दोघांनाही ठाऊक असते.