पश्चात्ताप की बुद्धिपालट?

मंडळी, आज एकाच शब्दाकडे बघू. ग्रीक नव्या करारातला 'मेटानोइआ' मराठी बायबलमध्ये 'पश्चात्ताप' होतो. हे भाषांतर चूक आहे असं आम्ही म्हणत नाही. पण ते अपुरं आहे.

शब्द फोडून बघा. 'मेटा' म्हणजे नंतर, त्यावरून पालट. 'नूस' म्हणजे समजणारी बुद्धी. 'पश्चात्तापा'त नंतर आहे, ताप आहे. बुद्धी मात्र कुठंच नाही.

मत्तयाच्या सत्ताविसाव्या अध्यायात यहूदा चांदीची तीस नाणी परत करतो आणि गळफास घेतो. तिथं क्रियापद वेगळं आहे, 'मेटामेलोमाइ', म्हणजे हळहळणं. ताप होता, पालट नव्हता. करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात पौल सांगतो की देवाला मान्य असं दुःख माणसाला मेटानोइआपर्यंत नेतं. मेटानोइआ म्हणजेच दुःख धरलं, तर दुःख दुःखाकडे नेतं असं होईल. मग पौल म्हणाला तरी काय?

आता व्याकरण. मत्तयात बाप्तिस्मा करणारा योहान 'मेटानोएइटे' म्हणतो, तो वर्तमान आज्ञार्थ. प्रेषितांच्या कृत्यांत पेत्र 'मेटानोएसाटे' म्हणतो, तो एओरिस्ट. हा काही लोखंडी नियम नव्हे, पण पहिल्याचा कल 'पालटत राहा' असा, दुसऱ्याचा 'पालटून टाका' असा. मराठीला हा भेद दाखवता येतो. दोन्हीकडे 'पश्चात्ताप करा' म्हटलं की तो पुसला जातो.

भाषांतरकारांची बाजूही ऐकली पाहिजे. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात हेच क्रियापद हिब्रू 'नाहम'साठी येतं आणि त्यात खेद आहेच. शिवाय 'पश्चात्ताप' लोकांच्या तोंडी होता. पंडिता रमाबाईंनी केडगावला हिब्रू-ग्रीकवरून संपूर्ण बायबल मराठीत आणलं, ते साध्या माणसाला कळावं म्हणूनच. तीच कसोटी आम्ही इथं लावतो: ऐकणाऱ्याला काय कळतं?

'पश्चात्ताप झाला' म्हटलं की माणूस मोकळा होतो, ही खरी अडचण. आपल्या कृष्णा-वारणा पट्ट्यातच बघा. उसाला पाणी जास्त झालं, रान क्षारपड झालं. हळहळतो सगळेच, पाण्याची पाळी तीच. पाळी बदलली, तर त्याला मेटानोइआ म्हणावं. म्हणून 'बुद्धी पालटा' हे आम्हाला जवळचं वाटतं. कानाला खडबडीत लागेल, पण ऐकणाऱ्याला कामाला लावेल.