भोरघाटांतील अनाम मजूर व त्यांचें स्मारक

कुरवंड्याच्या पठारावर नागफणीच्या कड्याशीं उभें राहिलें म्हणजे दोन ऐतिहासिक मार्ग जवळ येतात. एका बाजूस कुरवंडेघाट उंबरखिंडीकडे उतरतो. १६६१ सालीं कारतलबखान याच वाटेनें गेला व खिंडींत शिवाजीमहाराजांनीं त्यास कोंडिलें. परमानंदानें शिवभारतांत हा प्रसंग वर्णिला आहे व स्थळीं स्मारकही उभें आहे. दुसऱ्या बाजूस भोरघाटाची रेल्वे आहे. तिच्या स्मृतीची परीक्षा करणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु होय.

हें काम १८५६ सालीं सुरू झालें. २१ एप्रिल १८६३ रोजीं गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांनीं मार्ग खुला केला. पावणेसोळा मैलांत १,८३१ फूट चढ व २५ बोगदे, असें तें काम. १८६१ च्या आरंभीं तेथें सुमारें ४२,००० मजूर खपत होते. सुरुंग, पटकी व ज्वर यांनीं त्यांचा संहार केला. इयन केर या इतिहासकारानें मृतांची संख्या सुमारें २५,००० अंदाजिली आहे. त्यांचीं नांवें कोणत्याही शिळेवर नाहींत.

घाटांत देऊळ आहे तें शिंगरोबाचें. या धनगरानें इंग्रजांस वाट दाखविली व त्यांनींच त्यास मारिलें, अशी आख्यायिका आहे. कोणी ही वाट रेल्वेची म्हणतात, कोणी गाडीरस्त्याची. परंतु गाडीरस्ता १८३० सालींच खुला झाला होता. रेल्वेची मोजणी त्यानंतर दोन तपांनीं झाली. एकच वाटाड्या दोन्ही कामीं लावितां येत नाहीं. देवळावरील श्रद्धेस आमचा विरोध नाहीं. मात्र श्रद्धा ही कालनिर्णयाचें प्रमाण नव्हे.

उलटपक्षीं, या मजुरांस सरसकट ‘वेठबिगार’ वा ‘बंदी’ म्हणण्याची अलीकडील रीतही आम्हांस ग्राह्य वाटत नाहीं. ऑस्ट्रियांतील एबेन्झे येथें १९४३ ते १९४५ माउटहाउझेन छळछावणीची उपछावणी होती. तेथें बंद्यांकडून डोंगरांत बोगदे खोदविले. आठ हजारांहून अधिक मेले. त्यांतील एक बोगदा आज स्मृतिस्थळ म्हणून राखिला आहे. ते शस्त्राच्या धाकाखालील कैदी होते. भोरघाटांतील लोक मजुरीवर आले होते. परंतु ती मजुरीही थकली, म्हणून जानेवारी १८५९ मध्यें दंगा झाला व पुढें फॅव्हिएल या मक्तेदारानें मक्ता सोडिला. १८६० च्या नवव्या कायद्यान्वयें तर करार मोडणाऱ्या मजुरास कैदही होऊं शके. एवढें सत्य पुरेसें कठोर आहे. त्यावर उसना शब्द चढविण्याचें कारण नाहीं.

नांवें नाहींत म्हणून स्मारक नको, हा आक्षेप महाराष्ट्रांत तरी टिकत नाहीं. आमच्या बहुसंख्य वीरगळांवर लेख नाहीं. तरी गांवानें त्यांस शेंदूर लाविला व संशोधकानें त्यांस पुरावा मानिलें. घाटांत एक साधी शिळा उभारावी. तिजवर कामाचीं वर्षें, मजुरांची संख्या, मृतांचा आंकडा ‘अंदाज’ या शब्दासह, आणि थकलेल्या मजुरीचा उल्लेख असावा. संग्राहकांस आमची विनंती एवढीच कीं, मावळ व कोंकण येथील मोडी रुमाल सोडतांना मुकादमांचे हिशेब व हजेरीचे कागद रद्दी म्हणून टाकूं नयेत. अशा कागदांतून एक नांव जरी मिळालें, तरी तें त्या शिळेवर प्रथम कोरावें.